लाल टिकलीची डिस्क

मंगळवार, ४ मार्च

ती. सौ. वहिनीस,

धाकटोबाचा नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. मागच्या वेळी ओळी उताराला लागल्या होत्या, या वेळी सरळ आहेत, तेव्हा खांदा बरा असावा असं धरून चालतो. माझा खोकला गेला. डबा वेळेवर खातो. दाढी वाढली आहे हे ठकीने कळवलंच असेल, तुझी लेक म्हणजे घरातली वार्ताहर. दादाच्या गोळ्या चालू आहेत ना? त्याला माझा नमस्कार सांग. त्यावर तो काय म्हणाला ते मात्र लिहू नकोस.

त्या बोलक्या यंत्राचं सगळं ठकीने मला फोनवर समजावलं. "काका, अक्षरं दाबली की ते आईच्या स्वतःच्या आवाजात बोलणार. फक्त तिचं जुनं रेकॉर्डिंग पाहिजे, आणि ते तुझ्या ऑफिसात आहे." मग जरा थांबून म्हणाली, "आईचं घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अडीच वर्षांची होते रे. मला तिचा आवाज आठवतच नाही. तिने मला हाक मारलेली एकदा ऐकायची आहे." पोरगी बावीस वर्षांची झाली, पण हे बोलताना तेवढीशीच वाटली.

तर रेकॉर्डिंगचं म्हणशील, ते आहे. ऑपरेशनच्या आधी तीन दिवस तुला आमच्या संस्थेत बसवून सहाशे वाक्यं वाचून घेतली होती, ती डिस्क माझ्याच ताब्यात आहे. काळजी करू नकोस. थोडा उशीर होईल इतकंच. का, ते सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की मी टंगळमंगळ करतोय.

आमच्या आवाज-विभागात पाच जुनी वर्कस्टेशन आहेत. उचलायला दोन माणसं लागतात एकेकाला. त्यांच्या ड्राइव्हमध्ये डिस्क घालायची, काम झालं की बटण दाबून बाहेर काढायची. डिस्क तळहाताएवढी, जाड प्लास्टिकच्या कवचातली. अशा तीनशे चाळीस डिस्क कपाटात आहेत आणि प्रत्येकीत एकेका पेशंटचा आवाज आहे. ३१ तारखेला ही मशिनं भंगारात जाणार. त्याआधी सगळे आवाज नव्या सर्व्हरवर चढवायचे, असा आमच्या मुख्य बाईंचा हुकूम आहे.

इथेच घोडं अडलं. सर्व्हरला जोडता यावीत म्हणून मशिनं आतून अद्ययावत केली, तर ती आपलेच ड्राइव्ह ओळखेनात. मग ड्राइव्हचे ड्रायव्हर नवे घालणं आलं. ड्रायव्हर म्हणजे गाडीवाला नव्हे. मशीन आणि ड्राइव्ह यांच्यामधला दुभाष्या समज. मशीनने भाषा बदलली आणि दुभाष्या जुनाच राहिला, की दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात, भांडण झाल्यावर तू आणि दादा बसता तसे. हे ड्राइव्ह बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. नवा ड्रायव्हर शोधायलाच मला तीन आठवडे लागले. तो घालायचा, मशीन बंद-चालू करायचं, मग ड्राइव्ह वाचतोय का आणि लिहितोय का ते तपासायचं. एकेका मशीनला अर्धा दिवस जातो.

एवढं सगळं तुला कशाला सांगतोय कोण जाणे. तू आपली हसशील. इथे ऊन वाढलंय. खिडकीला पडदा लावून मागितला होता, अजून आलेला नाही.

पुढच्या पत्रात नक्की काय ते कळवतो.

तुझा,
धाकटोबा


बुधवार, १२ मार्च

ती. सौ. वहिनीस,

नमस्कार. तुझं पत्र आणि त्यातली ठकीची चिठ्ठी दोन्ही मिळालं. २४ तारखेला त्या यंत्रवाल्या बाईंनी बोलावलं आहे आणि त्याआधी, शनिवारी २२ ला, ठकी स्वतः येऊन रेकॉर्डिंग घेऊन जाणार, असं तिने परस्पर ठरवून टाकलं आहे. तारखेच्या बाबतीत ती अगदी दादावर गेली आहे.

मी तिला फोन करणार होतो. राहून गेलं.

वहिनी, एक अडचण आली आहे. मोठी नाही. कपाटात डिस्क नंबरवार लावलेल्या असतात, पण मधे एकदा विभागाची जागा बदलली तेव्हा काही डिस्क इकडच्या तिकडे झाल्या. तुझ्या नंबरच्या जागी दुसरीच निघाली. शोधतो आहे. सापडेल. नाही सापडली तर त्या यंत्रात तयार आवाजही असतात म्हणे, बायकांचे सात-आठ प्रकारचे, त्यातला तुझ्याशी जुळणारा एखादा निवडता येतो. तेही काही वाईट नसावेत. मी आपलं सुचवून ठेवतोय.

ड्रायव्हरचं काम संपलं. पाचही मशिनं व्यवस्थित वाचतात आता. मुख्य बाई येऊन पाठ थोपटून गेल्या, म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून झालं. मी मान खाली घालून उभा होतो, त्यांना तो विनय वाटला. रोज वीस-पंचवीस डिस्क सर्व्हरवर चढतात. काल एका शाळामास्तरांचा आवाज चढवला. वाक्यं वाचताना मधेच "मागच्या बाकावर काय चाललंय?" असं ओरडले होते. त्या खोलीत ते आणि रेकॉर्डिंग करणारा मी, दोघंच होतो. पूर्वी मला त्याचं फार हसू यायचं.

तू विचारलंस की मी तुझं रेकॉर्डिंग कधी ऐकलं का. कामाच्या निमित्ताने एकदा-दोनदा कानावर पडलं असेल.

माझी झोप बरी आहे. सकाळी साडेसहालाच ऑफिसात जातो, तेव्हा शांत असतं. काम फार आहे म्हणून हे पत्र आटोपतं घेतो.

तुझा,
धाकटोबा


सोमवार, १७ मार्च

वहिनी,

तुझं कार्ड आज मिळालं. "आधी लिहिलंस ताब्यात आहे, मग लिहिलंस सापडत नाही. खोटं बोलताना तू लहानपणापासून जास्त बोलतोस. काय झालं ते लिही. यांना दाखवणार नाही." चारच वाक्यं. ती वाचताना मी अंगणात आणि तू हातात काठी घेऊन दारात, असंच वाटलं. काठी तू कधी वापरली नाहीस हा भाग वेगळा.

डिस्क पुसली गेली. मी पुसली. ३ मार्चला, सोमवारी, दुपारी पावणेबाराला. तुला पहिलं पत्र लिहिलं ते दुसऱ्या दिवशी.

कशी, ते नीट सांगतो. आमच्याकडे एक रीत आहे. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी ती घातली. ड्राइव्ह तपासायला लागणाऱ्या डिस्कवर लाल टिकली चिकटवायची. लाल टिकली म्हणजे ही डिस्क कुणाची नाही, हिच्यावर काहीही लिहा, काहीही पुसा. ती नोंदवहीत नसते, तिचा हिशेब कोणी मागत नाही, ती फक्त तपासणाऱ्याची. मिस्त्री म्हणायचे, "लाल दिसली की विचार करायचा नाही, घालायची." एकोणीस वर्षं मी विचार केला नाही.

तुझ्या डिस्कवर लाल टिकली होती. ती मीच लावली होती.

अकरा वर्षांपूर्वी संस्थेने ठरवलं की जुन्या पेशंटच्या डिस्क पुसून पुन्हा वापरायच्या, कारण नव्या मिळेनाशा झाल्या होत्या. यादी आली, त्यात तुझा नंबर होता. अर्ज केला असता तर डिस्क घरच्यांना मिळाली असती. मी अर्ज केला नाही. तुझ्या नावाची पट्टी नखाने खरवडून काढली, लाल टिकली लावली आणि माझ्या खालच्या खणात फडक्याखाली ठेवून दिली. नावाची डिस्क खणात सापडली असती तर चौकशी झाली असती, लाल टिकलीची कोणी करत नाही. डिस्कला एक बारीक खिट्टी असते, ती सरकवली की त्यावर काही लिहिता येत नाही. तीही मी बंद केली नाही, कारण तपासणीची डिस्क आणि खिट्टी बंद, असं कोणी पाहिलं असतं तर संशय आला असता. एवढा शहाणा मी.

ठकीचा फोन आल्यावर ती बाहेर काढली. पाचवं मशीन सगळ्यांत चांगलं, त्याचा ड्रायव्हर घालून झाला की पहिली डिस्क तुझीच चढवायची म्हणून टेबलावर काढून ठेवली होती. ड्रायव्हर घातला. पडद्यावर आलं, तपासणीची डिस्क घाला. नेहमीची लाल डिस्क घातली, ती झिजलेली, 'वाचता येत नाही' असा संदेश येऊन बाहेर आली. मी ती बाजूला ठेवली आणि हात टेबलावरच्या दुसऱ्या लाल टिकलीकडे गेला. मशीनने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? आधीच्या चार मशिनांना मी "हो" म्हटलं होतं. पाचव्यालाही म्हटलं.

मग मी उठून पाणी प्यायला गेलो. परत येऊन टेबलावर पाहिलं तर तिथे फक्त ती झिजलेली लाल डिस्क होती. प्लग ओढला तोपर्यंत तीन मिनिटं झाली होती.

कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात, तसं झालं. ही नुसती हाताची चूक असती तर मी त्याच दिवशी घरी फोन करून ठकीजवळ रडलो असतो. सगळ्यांनी म्हटलं असतं, होतं असं, थकला होता बिचारा. म्हणूनच फोन केला नाही. खरं सांगायचं ते पुढेच आहे, आणि दोन पत्रं मी त्याच्याभोवती फिरतोय.

ऑपरेशनला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा दादा एकदा माझ्याकडे ऑफिसात आला होता. तुला ठाऊक नसेल. बाहेरच्या बाकावर बसला, टोपी हातात घेऊन फिरवत राहिला. म्हणाला, "ते तुमच्याकडे तिचं आहे ना, ते एकदा ऐकायला मिळेल का रे? नुसतं ऐकायला." आणि मी त्याला म्हटलं, नियमात बसत नाही. असा कुठलाही नियम नव्हता, वहिनी. आतल्या खोलीत मशीन चालू होतं. त्याला खुर्चीवर बसवून कानाला हेडफोन लावायला दोन मिनिटं लागली असती. तो उठला, "बरं, नियम असेल तर राहू दे," म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आमच्यात काय बिनसलं असं तू कितीदा विचारलंस. हे बिनसलं.

मी ऐकत होतो. एकदा-दोनदा नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की दार लोटून, महिन्यातून दोनदा, कधी आठवड्यातून. एकोणीस वर्षं. सहाशे वाक्यं मला पाठ आहेत. "दुकान संध्याकाळी आठ वाजता बंद होते." "या पत्त्यावर कोणी राहत नाही." असली रूक्ष वाक्यं, पण ती तू वाचली होतीस. आई गेली त्या वर्षी तू घरात आलीस. नऊ वर्षांच्या शेंबड्या पोराला पहिल्याच दिवशी "या धाकटोबा, जेवायला" म्हणून हाक मारलीस. माझं सगळं लहानपण त्या हाकेवर झालं. दादाला तू होतीस, ठकीला तू होतीस, बोलत नसलीस तरी होतीस. मला वाटायचं, एवढं एक माझं असू दे.

कॉपी काढायला अर्धा तास पुरला असता. एकोणीस वर्षांत कुठल्याही दुपारी काढता आली असती. कॉपी काढली असती तर ती मग दादाचीही झाली असती, ठकीचीही. म्हणून काढली नाही. मी असा विचार कधी शब्दांत केला नव्हता, आता लिहिताना दिसतोय. तुझा आवाज गेला तो आजाराने गेला, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण जो उरला होता तो मी लपवला, आणि लपवला म्हणून गेला. अर्ज करून राजरोस तुमच्या घरी दिला असता, तर आज २२ तारखेची वाट बघत असता.

त्या दिवसापासून रोज साडेसहाला येऊन ती डिस्क खरवडतोय. कुठलं वाक्य कुठे आहे त्याच्या नोंदीचा भाग साफ गेला. जिथे तुझी वाक्यं होती तिथे तपासणीची तीच ती अक्षरं पहिल्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत लिहिली गेली आहेत. मी वेळेत प्लग ओढला म्हणून शेवटचा बारीक तुकडा वाचला असेल असं वाटलं होतं, त्याच्यामागे दोन आठवडे लागलो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे कळत होतं, तरी लागलो. शनिवारी तो तुकडा सापडला. चार सेकंदांचा आहे.

त्यात आधी पान उलटल्याचा आवाज येतो. मग माझा आवाज. रेकॉर्डिंगला मी समोर बसून तुला खूण करायचो ना, तो. तेविसाव्या वर्षाचा, जरा घाईतला: "हं, पुढचं." मग तू वाचायला सुरुवात करण्याआधी श्वास घेतेस. तोंडाने, पूर्वी घ्यायचीस तसा. आणि तिथे संपतं.

सहाशे वाक्यांतलं माझं एक "पुढचं" तेवढं राहिलं. मशीनला सुद्धा थट्टा कळते म्हणायची.

ठकीला मी सांगणार आहे. तू तिला काही सांगू नकोस, ते माझं काम आहे. शनिवारी ती येईपर्यंत थांबणार नाही, गुरुवारी रजा टाकली आहे, मीच तिकडे येतो. दादालाही बाकावरचं सांगायचं आहे. त्याने मला हाकलून दिलं तर तू मधे पडू नकोस. तुझी सवय आहे मधे पडायची.

फक्त एक गोष्ट मला सहन होत नाही, ती तुला सांगून टाकतो. तू मला ओरडू शकणार नाहीस. कागद ओढशील, काहीतरी लिहिशील, आणि माझी खात्री आहे, ते कठोर नसेल. ज्याने मी भानावर आलो असतो तो तुझा ओरडा कुठेच राहिला नाही. तोही त्याच आवाजात होता.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि ती घेऊन मी काय करू?

त्या चार सेकंदांच्या तीन प्रती काढल्या आहेत. एक तुझी, एक ठकीची, एक दादाची. कुठल्याही साध्या मशीनवर वाजतील. मी माझ्याकडे ठेवलेली नाही.

धाकटोबा म्हणवून घ्यायची आता लाज वाटते, म्हणून खाली नुसतं

तुझा दीर